जिवंत भेग

माझ्या शिलाईच्या दुकानासमोरचं कोपऱ्यावरचं घर विकायला निघालं, तेव्हा ते पडकं दिसत असतं तर बरं झालं असतं. पण ते दिसायला ठणठणीत होतं. तळमजला घडीव दगडाचा, वर विटांचे दोन मजले, सागवानी दारं, आणि गावातलं सर्वांत जुनं घर म्हणून नगरपालिकेने लावलेली संगमरवरी पाटी. आत एकट्या ताई राहायच्या. निवृत्त शिक्षिका; निम्म्या बाजारपेठेला पाढे त्यांनीच शिकवलेले. धाकटा भाऊ शहरात. ‘विकणे आहे’ हा फलक त्यानेच आणून लावला आणि मागच्या जिन्यातली एक भेग बुजवायला माझ्या मामाला बोलावलं.

मामा गवंडी. गावात त्याला ‘पडेल मिस्त्री’ म्हणायचे. बारा वर्षांपूर्वी त्याने शाळेची भिंत पडेल म्हणून सांगितलं होतं. शाळा दोन महिने बंद राहिली आणि भिंत आजही जागची हललेली नाही. तेव्हापासून तो रस्त्याने निघाला की कोणीतरी हटकून विचारायचं, “काय मिस्त्री, आज पाऊस पडेल का?” मामा हसायचा. हसणं वरवरचं असायचं, ते मामीला आणि मला ठाऊक.

भेग बघायला गेला तो अर्ध्या तासात परत आला. थापी पिशवीतच. फोटोंना चौकटी करणाऱ्याकडून त्याने काचेच्या तीन पट्ट्या कापून घेतल्या आणि भेगेवर आडव्या चिकटवल्या. शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली.

“हे काय नवीन खूळ?” भावाने विचारलं.

“भेग मेलेली आहे की जिवंत, ते कळतं. मेलेली असेल तर काच शाबूत राहते.”

“आणि जिवंत असेल तर?”

“तर बुजवून उपयोग नाही साहेब. भिंत चालतेय.”

चौथ्या दिवशी वरची काच तडकली, सहाव्या दिवशी मधली. शेजारच्या प्लॉटवर दुकानांच्या इमारतीसाठी तळघराचा खड्डा खणलेला होता, पार या घराच्या पायाला खेटून. मामाने खड्ड्यात उतरून पाहिलं आणि वर येऊन बराच वेळ हात धूत राहिला. भावाला निरोप धाडला. भावाने दुसऱ्या गावचा गवंडी आणून भेगेवर काचांसकट गिलावा मारला, वर रंग दिला.

मामा ताईंकडे गेला. मापं घ्यायच्या निमित्ताने मीही सोबत होते. ताईंनी पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं.

“वरच्या खोलीचं दार लागतं का, ताई?”

“या वर्षात तीनदा रंधा मारून घेतला. तरी घासतंच.”

“लाकूड नाही फुगलेलं. चौकट दाबली जातेय.”

ताईंनी रिकामे पेले उचलले. मग हळूच म्हणाल्या, “मिस्त्री, राग मानू नका. भाऊ म्हणतो, काम गेलं म्हणून तुम्ही भीती घालताय. आणि शाळेचं तर सगळ्यांना माहीतच आहे.”

मामाचा चेहरा खरोखरच पडला. जिना उतरताना तो भिंतीला हात लावून चालला, तापलेल्या माणसाच्या कपाळाला लावावा तसा.

दोन कुटुंबं घर बघायला आली. दुसऱ्या खेपेला मामा उंबऱ्याशी गेला आणि सरळ म्हणाला, “घेऊ नका. मागची बाजू बसतेय.” ती माणसं आल्या पावली परतली. भावाने भर रस्त्यात मामाच्या खांद्याला धक्का दिला. “पुन्हा या दारात दिसलास तर पाय मोडून हातात देईन!” आजूबाजूचे हसले. मला त्या दिवशी एकही शिवण सरळ जमली नाही.

मग मामा रोज सकाळी माझ्या दुकानात येऊन बसू लागला. जमिनीवर त्याने खडूने दोन पावलं आखली. तिथे उभं राहिलं की घराचा मागचा कोपरा विजेच्या खांबाच्या कडेला बरोबर भिडायचा. पहिल्या दिवशी भिडला. आठवड्याने मधून आभाळाची बारीक फट दिसली.

“किती?” मी विचारलं.

“दोन सूत.”

दोन सूत, म्हणजे पाव इंच, आमच्या धंद्यात काहीच नसतं. शिवणीच्या दुमडीत लपून जातं. पण रोज त्या पावलांवर उभं राहायचं मीही टाळू शकेना. गिऱ्हाईक असलं तरी नजर तिकडेच. फट वाढत होती आणि खाली रस्त्यात लोक नेहमीसारखे त्या भिंतीच्या सावलीत सायकली लावत होते.

“मामा, तुझं चुकत तर नसेल?” एकदा मी विचारलंच.

“चुकावं म्हणूनच तर रोज येतो गं,” तो म्हणाला.

अखेर तिसरं गिऱ्हाईक पक्कं झालं. ताईंची बांधाबांध सुरू झाली. बाजाराच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मी कात्री चालवत होते, आणि जाड कापड फाडावं तसा आवाज आला. माझ्या हातातलं कापड तर शाबूत होतं. समोरच्या घराच्या खिडकीखालून बारीक धूळ सांडत होती.

मामा पहार घेऊन धावला. ताई वरच्या खोलीत होत्या आणि दार आता उघडेना. आतून त्यांचा आवाज शांत होता, तोच जास्त भीतीदायक. “मिस्त्री, भिंत बोलतेय.” मामाने चौकट उखडली, ताईंना हाताला धरून खाली आणलं आणि रस्त्यावर आरडाओरडा करून भाजीवाले, सायकली, गाढवं, सगळं हटवलं. दोरी बांधली.

आणि काहीच झालं नाही.

एक वाजला, दोन, तीन. घर उभंच. धूळही थांबली. पांगलेले भाजीवाले कुरकुरू लागले. टोमॅटो उन्हात मऊ पडत होते. कोणीतरी ओरडलं, “पडेल, पडेल, पुढच्या वर्षी पडेल!” सगळे खो खो हसले. काहींनी दोरीखालून टोपल्या पुन्हा आत सरकवायला सुरुवात केली. मामा एकेकाला हात जोडत होता.

साडेचारला भाऊ शहरातून आला. ताई माझ्या दुकानात बसल्या होत्या, त्यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही. “घराचे कागद वर आहेत,” म्हणत दोरी ओलांडून आत गेला. मामा त्याच्या मागे दारापर्यंत गेला, आणि तिथे थांबला. मी पाहिलं. तो थांबला.

पावणेपाचला मागची अख्खी बाजू खाली बसली. कोसळली असं म्हणवत नाही. गुडघे टेकावेत तशी बसली. मग धूळ इतकी उठली की ताईंचा हात माझ्या हातात होता तरी ताई दिसेनात.

भाऊ जिवंत सापडला. मामानेच त्याला हातांनी उकरून काढलं, नखं निघेस्तोवर. त्याचा उजवा पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला. ढिगाऱ्याखाली दुसरं कोणी नव्हतं. गावाने मामाला डोक्यावर घेतलं. नगरपालिकेने शाल-नारळाऐवजी साधं पत्र दिलं, ते मामीने पेटीत ठेवलं. आता लोक लांबून लांबून त्याला भिंती दाखवायला बोलवायचे. तो एकाही ठिकाणी गेला नाही.

महिन्याभराने दुकानात चहा पिताना तो एकदम म्हणाला, “तीन वाजल्यापासून मी एकच मागत होतो. पडू दे. एकदाची पडू दे.”

“लोक हसत होते म्हणून?”

“हो.”

मी कप खाली ठेवला. विचारू नये ते विचारलं. “भाऊ आत गेल्यावरही?”

समोरच्या मोकळ्या जागेत यंत्र विटा भरत होतं.

“क्षणभर,” तो म्हणाला. “त्याने धक्का दिला होता ना, तेवढं आठवलं.”

ताई आता भावाजवळ शहरात राहतात, त्याला कुबड्यांवर चालायला शिकवतात. मामा दर पंधरा दिवसांनी तिकडे जाऊन त्यांच्या घरी पडेल ते काम करून येतो. भाऊ त्याचे आभार मानतो. ते मात्र मामाला अजून सोसत नाही.