हात मागे

बाई चालायच्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले असायचे. मुलुंडच्या भाजी मार्केटात, ऑफिसच्या जिन्यात, अगदी देवळातसुद्धा. शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबासारख्या दिसायच्या. भाजीवाला मेथीची जुडी पुढे करून म्हणायचा, हातात घेऊन तर बघा ताई. बाई हात न सोडता वाकून बघायच्या आणि पसंत पडली तरच पिशवी पुढे यायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या सवयीला आपण आधी हसतो, आणि मग ती सवय आपल्या घरात कधी येऊन बसली ते आठवत नाही.

मी मुलुंडला एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत व्हिसाची कागदपत्रं बघते. बाई तिथं टूर लीडर होत्या. उन्हाळ्यात आणि दिवाळीत आपली माणसं घेऊन युरोपात जायच्या. गाव वेंगुर्ल्याकडचं, वडील गिरणीत, राहायला नाहूरला आमच्या शेजारच्या सोसायटीत. इंग्रजी कामापुरतं, आवाज मात्र असा की म्युझियमच्या दुसऱ्या मजल्यावरचा माणूस निमूट खाली यायचा. रागावल्या की सरळ मालवणीवर घसरायच्या. ऑफिसात कोणी त्यांना नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. सगळ्यांच्या त्या नुसत्या बाई.

टूर निघायच्या आधीच्या शनिवारी आम्ही प्रवाशांना एका हॉलमध्ये बोलावतो. टोपी, बॅग, बटाटेवडा आणि सूचना. थंडीचे कपडे, लोणच्याच्या बरण्या, हॉटेलातल्या बाथरूममध्ये पाणी कुठं सांडायचं नाही, हे सगळं मालक सांगायचे. मग बाई उठायच्या आणि पहिल्या रांगेतल्या एखाद्या काकांसमोर जाऊन उभ्या राहायच्या. हातात रंगीत दोरा. "इंडिया? व्हेरी गुड," एवढंच म्हणायच्या आणि दोरा पुढे करायच्या.

पुढचं दर वेळी तेच. काकांचा उजवा हात आपोआप पुढे यायचा. काही जण तर डावा हात डोक्यावरही ठेवायचे. जन्मभर सत्यनारायणाला बसलेला माणूस, दोरा दिसला की त्याचं दुसरं काय होणार? बाई मनगटावर घट्ट गाठ मारायच्या आणि तळवा पसरून वीस युरो मागायच्या. काका हसायचे. बाई हसायच्या नाहीत. एका हातानं गाठ सोडून दाखवा म्हणायच्या. ती काही सुटायची नाही, आणि काकांची खटपट चालू असताना बाईंनी त्यांच्या शर्टाच्या खिशातलं पेन काढून मागच्या रांगेत दिलेलं असायचं.

"परक्या गावात कोणी दोरा पुढे केला, फूल पुढे केलं, कागद पुढे केला, की हात मागे," बाई सांगायच्या. "पूजा घरी येऊन करा."

मग गुलाबाचं फूल. ते ज्या काकूंना मिळायचं त्या ते हमखास केसात खोवायच्या आणि शेजारणीला नीट बसलंय का विचारायच्या. मग सहीचा कागद, मुक्याबहिऱ्यांच्या मदतीसाठी म्हणून. आमचे निवृत्त अधिकारी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचायचे, कारण न वाचता सही करायची नाही हे आयुष्यभर पाळलेलं. तेवढ्या वेळात खिसा रिकामा. मग रस्त्यात सापडलेली सोन्याची अंगठी, "तुमची का हो?" असं विचारत पुढे केलेली; ती पितळेची, आणि हातात घेतली की बक्षिसाचे पैसे मागणार. बोरिवलीच्या एका मास्तरांनी सांगितलं की आपण ती चौकीत जमा करू, मी साक्षीदार म्हणून येतो. बाईंनी त्या दिवशी हात जोडले. म्हणाल्या, मास्तर, तुम्ही तिथं माझ्या शेजारीच चाला.

सगळ्यात कठीण धडा 'नाही' म्हणायचा. आपल्या माणसाला नुसतं 'नाही' म्हणताच येत नाही. "नको हो, कशाला, आत्ताच नाश्ता झाला," असं आपण हसत हसत म्हणतो आणि समोरचा खुर्ची ओढून बसतो. बाई एकेकाला उभं करून म्हणवून घ्यायच्या. हसायचं नाही, थांबायचं नाही, कारण सांगायचं नाही. कारण सांगितलं की बोलणं सुरू झालं, आणि बोलणं सुरू झालं की वाट लागली. चांगले शिकलेसवरलेले लोक घामाघूम व्हायचे. मी मागे बसून पोट धरून हसायचे.

बाईंना ही विद्या कुठून आली? स्वतः फसून. पहिल्याच टूरला, पॅरिसमध्ये, सगळ्या ग्रुपच्या पुढे झेंडा घेऊन चालत असताना त्यांनीच पहिला हात पुढे केला होता. हे त्या हॉलमध्ये सर्वांना सांगायच्या, अगदी गाठ कुठल्या रंगाची होती त्यासकट. तेव्हापासून त्यांचे हात मागे गेले ते गेलेच. ऑफिसच्या पूजेत गुरुजी दोरा बांधायला आले, तर बाईंचे हात झटकन पाठीमागे. गुरुजी दोरा धरून उभे, बाई मान खाली घालून उभ्या. शेवटी गुरुजींनी दोरा त्यांच्या पर्सच्या पट्ट्याला बांधला. बाई म्हणाल्या, मनात काही नाही हो, हातच ऐकत नाहीत.

इथवर बाई माझ्यासाठी गमतीचा विषय होत्या. मग माझ्या आईच्या पाटल्या गेल्या.

बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पाटल्या त्यांनी करून दिलेल्या, आई त्या झोपतानाही काढायची नाही. सकाळी देवळातून येताना दोन माणसांनी तिला थांबवलं. आम्ही पोलीस, पुढे लूटमार झालीय, दागिने काढून कागदात बांधा, असं सांगितलं. बांधायला त्यांनीच मदत केली. घरी येऊन आईनं पुडी सोडली तर आत खडे.

पोलीस तक्रार झाली. ओळखीचे लोक भेटायला आले, मयताला यावेत तसे. आणि चहा पिता पिता प्रत्येकानं विचारलं, "पण तुम्ही असं कसं दिलंत हो काढून?" वाईट हेतूनं कोणी विचारलं नाही. पण आईच्या मनात ते रुतून बसलं. तिनं एकटीनं बाहेर जाणं बंद केलं. कुरियरवाला आला तरी मला फोन करायची, दार उघडू का म्हणून. दूधवाल्याशी बोलताना घाबरायची. मला आता काही कळत नाही गं, हे तिचं पालुपद झालं. पाटल्या गेल्या त्याचं मला वाईट वाटत होतंच. पण जिनं गावाहून येऊन या शहरात संसार उभा केला, ती स्वतःच्या डोक्यावर भरवसा ठेवीनाशी झाली, हे मला बघवत नव्हतं.

एका रविवारी बाई आल्या, हात मागे, मनगटाला अडकवलेल्या पिशवीत सुके बांगडे. आईसमोर बसल्या. आईनं तो नेहमीचा प्रश्न येणार म्हणून पदर सावरला. बाईंनी विचारलं, "वहिनी, तो पहिला शब्द काय बोलला?"

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाली, "आई म्हणाला मला."

"मग कोण देणार नाही?" बाई म्हणाल्या.

एवढंच. आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती सगळं सांगत गेली. तो कुठं उभा राहिला, दुसऱ्यानं वाट कशी अडवली, आवाज कसा काळजीचा होता. बाई एखादी पाककृती ऐकावी तशा बारकाईनं ऐकत होत्या. उठताना म्हणाल्या, येत्या शनिवारी हॉलवर या, माझ्या लोकांना हे करून दाखवा, मला असं जमणार नाही. आई नाही म्हणाली. पण हसत म्हणाली, आणि कारणंही सांगितली. बाई तिथंच जिंकल्या.

शनिवारी आई हॉलच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. दोरा झाला, फूल झालं. मग बाईंनी आईकडे बघितलं. आई उठली आणि मधल्या रांगेतल्या एका जाड्या, हुशार दिसणाऱ्या बँकवाल्या गृहस्थांपाशी गेली. हळूच, काळजीनं म्हणाली, "बाळा, पुढे गडबड झालीय. घड्याळ, अंगठी काढून रुमालात ठेव. थांब, मी बांधून देते."

गृहस्थांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली. आईनं रुमाल बांधून त्यांच्या हातात ठेवला. तो उघडल्यावर आत बाईंचे पेपरमिंट निघाले. घड्याळ आईच्या पदराखाली. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. गृहस्थांनी विचारलं, हे तुम्हाला कसं येतं? मी बाईंकडे बघितलं. त्या भिंतीकडे बघत होत्या. मग आईच बोलली, "माझ्या पाटल्या अशाच गेल्या."

असं कसं दिलंत, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. घड्याळ गेलेला माणूस समोरच बसला होता. घरी येताना आई रिक्षावाल्याला स्वतः पत्ता सांगत होती, आणि मी बाहेर तोंड करून रडत होते.

त्यानंतर आई दर शनिवारी जायला लागली. आणि पुढच्या उन्हाळ्यात, बाईंनी माझ्या आणि तिच्या दोघींच्या मागे लागून, तिला टूरवर नेलं.

रोमचा किस्सा मला आधी आईनं सांगितला. एका कारंज्यापाशी ती आणि तिघी बायका बस यायची वाट बघत उभ्या होत्या. दोन चांगले कपडे घातलेले पुरुष आले, ओळखपत्र दाखवलं, पोलीस म्हणाले, खोट्या नोटा तपासायच्यात, पर्स उघडा. बायका घाबरल्या. एकीनं पर्सची चेन ओढलीसुद्धा. त्यातला एक आईकडे वळून मऊ आवाजात म्हणाला, "मम्मा."

आई सांगते, तो आवाज मी ओळखला गं. भाषा कुठली का असेना. तिनं हात मागे घेतले आणि म्हणाली, "नाही." मराठीत. हसली नाही, कारण सांगितलं नाही. मग त्या तिघींनीही हात मागे घेतले. त्या माणसानं पुन्हा काहीतरी विचारलं, आईनं पुन्हा तेच म्हटलं, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं. दोघे निघून गेले.

आल्यावर बाईंनी उरलेली गोष्ट सांगितली. त्या तिथं, आइस्क्रीमच्या गाडीमागेच होत्या. पहिल्यापासून बघत होत्या.

मला राग आला. "बाई, मग तुम्ही मधे का नाही पडलात?"

"पाय उचललेला मी," बाई म्हणाल्या. "मग थांबले. मी गेले असते ना, तर तुझी आई परत घरी येऊन बसली असती. पर्स गेली असती तर मी भरून दिली असती गो. हे कुठून दिलं असतं?"

 हे बाईंना तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून लिहिते आहे. पाटल्या परत मिळाल्या नाहीत. आई मिळाली, आणि ती बाईंनी परत आणली.

गुडघे बोलायला लागले तशा बाई गेल्या वर्षी गावी राहायला गेल्या. आता शनिवारचा तास आई घेते. बाईंएवढा आवाज तिला नाही, पण माणसं तिच्यासमोर जास्त पटकन फसतात. बाईंच्या गावी फोन लागला तर लागतो. लागला की बाई आधी आईशीच बोलतात, या खेपेला कोणी कोणी हात पुढे केला ते विचारतात.

बाई गावी निघाल्या त्या दुपारी त्यांच्या भाच्याची गाडी सोसायटीच्या गेटपाशी उभी होती. सामान चढलं. बाई नेहमीसारख्या हात मागे घेऊन सगळ्यांचा निरोप घेत होत्या, कोणाच्या हातात हात नाही. आई पुढे गेली. तिच्या मुठीत हॉलमधला तोच रंगीत दोरा होता. ती काही बोलली नाही. बाईंनी दोऱ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता पर्सचा पट्टा पुढे येणार.

बाईंनी उजवा हात पुढे केला. डावा डोक्यावर ठेवला, आणि गाठ बसेपर्यंत डोळे मिटून उभ्या राहिल्या.