मेंढरं बसली तिथं माझी खोली

"अरे, कुणाची ही मेंढरं? माझं लुगडं खाल्लं! अख्खं काठापर्यंत खाल्लं!"

माझ्या घरमालकीण आक्का ओरडत होत्या. सांगलीत आमच्या गल्लीतून आक्का ओरडल्या की कृष्णेच्या पलीकडच्या काठावरची सुसर पाण्यात उडी टाकते, असं म्हणत. मी ती सुसर पाहिलेली नाही, पण अडतीवरून परतताना दोन गल्ल्या अलीकडं हा आवाज ऐकला आणि मी पळत सुटलो. कारण आवाजाच्या मागोमाग कुत्रं भुंकलं. ते कुत्रं माझ्या ओळखीचं होतं. ते आमचं होतं.

आमचं घराणं वडूजकडच्या कोरड्या मुलखातलं, मेंढरांमागं हिंडणारं. दिवाळी सरली की सगळा संसार तट्टावर घालायचा आणि उतरायचं कृष्णाकाठी. मी त्यात कसाबसा शिकलो, सातवी पास झालो, आणि हळदीच्या एका अडतीवर मला कारकुनी मिळाली. नोकरी मिळायला दोन दिवस लागले. खोली मिळायला निम्मा जन्म गेला.

जिथं जावं तिथं पहिला प्रश्न, "लग्न झालंय?" नाही म्हटलं की दार बंद. सांगलीत त्या काळात वाघाला खोली मिळाली असती, सड्या माणसाला नाही. एकानं दिली, तर ती हळदीच्या वखारीवरची. तिथं आठवडा काढला आणि अंगावर अशी पिवळी पुटं चढली की रस्त्यातल्या बायका "लग्न कधी?" म्हणून विचारायच्या. दुसरी खोली मिरच्यांच्या दुकानामागं होती. तिथं मी इतका शिंकलो की घराची कौलं हलली आणि मालकानं हात जोडून मला निरोप दिला.

शेवटी आक्का भेटल्या. एकट्या बाई, चार खणांचं घर, मागं परसू आणि परसात एक लिंबाचं झाड, जे त्यांनी लावल्यापासून एकदाही फळलं नव्हतं. खोली एवढीशी, की पाय पसरायचे तर दार उघडावं लागे. भाडं मात्र मला झेपणारं. अट एकच.

"खोलीत पाहुणा झोपता कामा नये. घरचा असो, दारचा असो. झोपला की तू बाहेर."

"नाही झोपणार, आक्का," मी म्हणालो. आमच्या घरची माणसं छपराखाली झोपतच नाहीत, हे सांगायची गरज मला तेव्हा वाटली नाही.

तर मी धावत परसात पोचलो. बघतो तो माझ्या वडलांनी, आबांनी, वाघर लावून टाकलेली. ते दोरीचं जाळं एका टोकाला लिंबाला, दुसऱ्या टोकाला आक्कांच्या न्हाणीला बांधलेलं, आणि आत मेंढरं अशी गच्च बसलेली की वरून चालत गेलं तरी पायाला माती लागली नसती. तट्टू ओसरीत तोंड घालून उभं. आबा कांबळं झटकत होते. माझा पत्ता त्यांनी साऱ्या बाजाराला विचारला असणार.

"आलास व्हय?" आबा म्हणाले. "ह्या आक्का लय वरडत्यात. मी म्हणलं, आवं आक्का, जुंधळं कवा देताय ते सांगा, म्हंजी वरडायचं कामच न्हाई."

"मी द्यायचे?" आक्का कडाडल्या. "मी?"

आता आबांचं काही चुकलं नव्हतं. आमच्यात मेंढरं ज्याच्या रानात रात्रभर बसवायची, त्या रानाचा मालक आपल्याला धान्य देतो. खत पडतं ना! दुसऱ्याच्या जागेत निजायचं आणि वर त्याच्याकडून पोटाला घ्यायचं, हीच आबांची हयातभराची रीत.

"उलट तुमचा मुलगा मला भाडं देतो!" आक्का म्हणाल्या.

आबांच्या हातातलं कांबळं खाली पडलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं लांडग्याच्या तोंडून सोडवलेल्या कोकराकडं बघतात.

"तू देतोस? निजायचं तू, आन् द्यायचं बी तूच? फशिवलं रं पोराला! चल, गाठोडं बांध."

"बांध, बांध!" आक्का म्हणाल्या. "आत्ता बांध!"

भेटल्यापासून दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि मी मधोमध उभा. हातातून खोली निघाली. खोलीमागं नोकरी निघाली असती. तोंडातून आलं ते एवढंच,

"आबा, सकाळी डोळं उघडल्यावर मला कालचंच झाड दिसावं, असं लय वाटतं."

आबा खोलीच्या उंबऱ्यापाशी गेले, पण आत पाय टाकला नाही. भिंतीला तळवा लावला. मान आत घालून वास घेतला. वळून लिंबाकडं बघत राहिले.

"आक्का," ते म्हणाले, "पोरगं भाडं देतंय, ती तुमची रीत. त्यात मी पडत न्हाई. पन मेंढरं बसली, ती माजी रीत हाय."

आक्कांनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग कधी न फळलेल्या लिंबाकडं. तोंडानं पुटपुटत आत गेल्या आणि सूपभर ज्वारी आणून आबांच्या कांबळ्यात ओतली.

आबा मेंढरांत झोपले. पहाटे उठून, माझ्या डोक्यावरून हात फिरवून, वाघर गुंडाळून निघून गेले. त्या लिंबाला पुढं लिंबं लागली ती नारळाएवढी. एक पडलं तर शेजारचं कौल फुटलं. तुमचा विश्वास बसायचा नाही, म्हणून जास्त सांगत नाही.

पण ते पुढचं. त्या सकाळी मी गाठोडं बांधून, कावराबावरा होऊन, परसात उभा राहिलो. आक्का लेंड्या गोळा करून लिंबाच्या आळ्यात घालत होत्या.

"आक्का, अट मोडली. मी जातो मग."

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"ते कुठं खोलीत झोपले?"