गप्प बसण्याचा मान

मोगराबाई गावितांना प्रेसबिटरीने अध्यक्ष केलं ते त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मोगराबाईंनाही. त्यांनी हार घालून घेतला.

प्रेसबिटरी म्हणजे धुळे-जळगावकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी निवडून दिलेल्या वडिलांची, म्हणजे ज्येष्ठ कारभाऱ्यांची, सभा. मिशनचे गोरे साहेब गेले तेव्हा चर्चं, एक दवाखाना आणि साक्रीकडचं मुलींचं बोर्डिंग या सभेच्या गळ्यात पडलं. दवाखाना मिटला, बोर्डिंग तेवढं टिकलं. आईबाप ऊसतोडीला गेले की डोंगरपाड्यांवरच्या पोरी तिथे राहून शाळा करत. मोगराबाई लहानपणी अशाच आल्या, पुढे तिथेच स्वयंपाकाला लागल्या, आणि मंडळीने त्यांना वडील म्हणून निवडल्यापासून दर सभेत बोर्डिंगवर बोलत आल्या. त्यांचं संपायच्या आत भुसावळकरांना उठून गाडी गाठावी लागे.

यंदा बोर्डिंग बंद करून इमारत मंगल कार्यालयाला द्यायचा ठराव होता. अध्यक्षाने चर्चेत बोलायचं नाही, आणि मतं समसमान पडल्याखेरीज मतही द्यायचं नाही, असा इथला नियम. म्हणूनच त्यांचं नाव सुचवलं होतं सुकाभाऊंनी. मोगराबाईंचा प्रत्येक मुद्दा खोडण्याचं काम इतकी वर्षं त्यांच्याकडेच होतं.

सुकाभाऊंनी ठराव मांडला आणि सवयीने थांबले. मोगराबाई गप्प. सुकाभाऊंना खोडायला समोर काहीच नव्हतं.

"अक्का, काहीतरी बोल ना."

"अध्यक्ष शे मी."

"मग मीच सांगतो!" सुकाभाऊ वैतागले. "ही काय म्हणाली असती? म्हणाली असती, पोर एकदा उसाच्या फडावर गेली की शाळेत परत येत नाही. मागच्या साली तुम्ही बोर्डिंग उशिरा उघडलं, आपल्या वनाभाऊची पोरगी आईबापामागे फडावर गेली, तिथेच तिला उजवून टाकलं. नववीतली पोर! म्हणाली असती, मंगल कार्यालयात तिचंच लग्न लावायचं होतं का?"

पुढचंही त्यांनी ओळीने सांगितलं, मोगराबाईंच्या हातवाऱ्यांसकट. समोर बसून बसून पाठच झालं होतं. मुद्दे खोडायची वेळ आली तेव्हा भुसावळकर घड्याळ बघत होते. मत घ्या, म्हणाले.

हात वर झाले. बंद करा, चार. चालू ठेवा, चार. सुकाभाऊंचा हात बंद करण्याच्या बाजूनेच होता. भुसावळच्या प्रेमराजचा नव्हता.

"प्रेमराज, सकाळी पोहे खाताना काय ठरलं होतं?"

"भाऊ, तुम्हीच तर इतकं पटवून सांगितलं."

सगळे मोगराबाईंकडे बघू लागले.

"ठराव नामंजूर," त्या म्हणाल्या. "पुढचा विषय, बोर्डिंगच्या स्वयंपाकघराचे पत्रे. गळतात." त्यांनी सुकाभाऊंकडे पाहिलं. "बोला भाऊ. मला बोलायची सोय नाही."