झिरवीचे अंबादासअण्णा

अंबादासअण्णा यमूल रविवारी दुपारी तालमीच्या जिन्याशी आले की पहिल्या पायरीवर चपला काढायचे, डोळे मिटायचे आणि मग वर चढायचे. संध्याकाळी खाली उतरून चपला पायात घातल्यावरच ते डोळे उघडत. मधला सगळा वेळ माणूस आंधळा. चहाचा कप हातात द्यावा लागे, बिडी पेटवून द्यावी लागे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कसला तरी नवस असेल. तसं विचारलंही. मिटल्या डोळ्यांनीच ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आठव्यांना डोळे नसतात बे. बस तिथं."

आठवे ही झिरवी नावाच्या ग्रहावरची एक जमात. हा ग्रह आकाशात कुठंही नाही. तो अण्णांनी रचला होता. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. माणसं चंद्रावर जाऊन आली होती, मासिकांतून परग्रहांच्या गोष्टी येत होत्या आणि त्या वाचून सोलापुरातही काही डोकी फिरली होती. अण्णांचं सगळ्यांत जास्त. झिरवीवर पाऊस नाही, नदी नाही, पाणी फक्त खडकाच्या पोटात. त्या पाण्याच्या आधारानं वेगवेगळ्या जमाती जगतात. साखर पेठेतल्या त्या तालमीच्या माडीवर येणाऱ्या प्रत्येकानं एक जमात घ्यायची आणि वर असेपर्यंत त्या जमातीसारखं वागायचं, बोलायचं, भांडायचं. तिथं जे घडेल तो झिरवीचा इतिहास. त्याला आम्ही बखर म्हणायचो.

बखर लिहायची नाही, हा अण्णांचा दंडक. "लिहिलेलं खोडता येतंय की," ते म्हणायचे. "डोक्यातलं कसं खोडशील?" ती सगळी त्यांच्या डोक्यात होती. बखरीत काय बसतं आणि काय बसत नाही, हे फक्त ते ठरवायचे. पोटासाठी ते चादरींच्या नक्षीची पुठ्ठ्याची कार्डं पाडत. मागावर मोर उठणार की कमळ, हे त्या कार्डांवरच्या भोकांवर ठरतं. एक भोक चुकलं की गठ्ठेच्या गठ्ठे मान मोडलेल्या मोरांचे निघतात. "भोक पडलं की पडलं," असं ते कामावर म्हणत. खेळातही तेच.

मी चादरींचा व्यापारी. तेव्हा धंदा नुकता उभा करत होतो. माढ्याकडच्या खेड्यातून आलेलो, पाठीवर गठ्ठे वाहिलेले, चौथीनंतर शाळा नाही. पेढीवरचे शेठ मला उभं ठेवून बोलायचे. माडीवर मात्र बँकेतल्या पाटणकरांच्या शेजारी मला सतरंजीवर जागा मिळाली. अण्णांनी माझं शिक्षण विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "जमात कुठली घेतोस?" एवढंच विचारलं. त्या एका प्रश्नापायी मी आठवडाभर रविवारची वाट बघायला लागलो.

मी जमात घेतली धांड्यांची. एका डोंगरावरचं दुसऱ्या डोंगरावर नेऊन विकणारी, उंटासारख्या पाठीची माणसं. सौदा करणं मला शिकवावं लागत नव्हतं. पाटणकरांच्या जमातीला मी मीठ विकलं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या युसूफच्या पंखवाल्या जमातीला त्यांचीच गळलेली पिसं विकली. माडी हसून हसून लोळायची. अण्णा हसायचे नाहीत, पण मान हलवायचे. ते झिरवी सांगायला लागले की जवळच्या गिरणीचा भोंगा वाजून जायचा आणि आम्हाला कळायचंही नाही. आठवे एकमेकांना कसे टेकतात आणि मेलेल्याच्या आठवणी जिवंताच्या अंगात कशा झिरपतात, हे त्यांनी एकदा सांगितलं. पाटणकरांसारखा कोरडा माणूस चष्मा काढून पुसत बसला होता. अशी ताकद मी नंतर कुणाच्या जिभेत पाहिली नाही. आणि असा दुष्टपणाही नाही.

एका रविवारी युसूफशी घासाघीस रंगात आली होती. भरात मी बोलून गेलो, "आता न्हाय जमत, पाऊस झाल्यावर देतो!" आमच्या गावाकडं बोलायची रीतच ती. अख्खं गाव पावसाच्या वायद्यावर बोलतं.

सगळ्यांच्या माना अण्णांकडं वळल्या.

"पाऊस?" अण्णा म्हणाले. "झिरवीवर पाऊस?"

"तोंडातनं गेलं, अण्णा. माघारी घेतो की."

"तोंडातनं गेलं ते बखरीत गेलं. ज्या जमातीला पाऊस दिसायला लागला, तिला वेड लागलंय." मिटल्या डोळ्यांनी, चहाचा घोट घेत, ते सांगत गेले. "वेडे धांडे कड्यावर गेले. वरून पाणी पडतंय म्हणून त्यांनी तोंडं उघडली आणि एकेकानं खाली उड्या मारल्या. पोरं आधी. संपले धांडे."

खेळाचा आणखी एक नियम होता. ज्याची जमात संपली तो मेला, आणि मेलेला दिसत नाही. माडीवर नाही, रस्त्यावर नाही, बाजारात नाही. बखर सांगणारा नवी जमात देईपर्यंत माडीवरच्या आमच्या मंडळातल्या कुणी त्याच्याशी बोलायचं नाही आणि त्यानंही मंडळाशी बोलायचं नाही. इतरांना अण्णांनी फार तर पंधरवडाभर मेलेलं ठेवलं होतं. मला ठेवलं तो उन्हाळा सरला तरी ठेवलं. बँकेत पाटणकर माझ्याकडं न बघता कागद पुढं सरकवायचे. युसूफ मला पाहून रस्ता ओलांडायचा.

त्याच उन्हाळ्यात माझी आई गेली. गावाकडून मी तिला माझ्या एका खोलीत आणलं होतं. शहरात भाऊबंद नाहीत, धंद्यातल्या ओळखी कामापुरत्या. शेजारच्या माग चालवणाऱ्यांनी तिरडी बांधली. खांदा द्यायला माणसं कमी पडली. साखर पेठ तिथून हाकेवर, आणि मंडळाला बातमी गेलेली होती. ती मीच पाठवली होती. कोणीही आलं नाही.

दहावं झाल्यावर मी अण्णांच्या घरी गेलो. ते कार्डं पाडत बसले होते. मी दारातून म्हणालो, "अण्णा, आई गेली माझी." हातोडीचा ठोका चुकला नाही. त्यांनी नवं कार्ड घेतलं, उजेडाला धरून पाहिलं आणि पुन्हा ठोकायला लागले. त्यांची बायको राजव्वा पाणी घेऊन आली. मी न पिता परत आलो.

पावसाळ्यात त्यांचा निरोप आला, जमात देतो, ये. मी गेलो. माझी जमात ठरली तळवे. यांना तोंडच नाही. ते तळहातांनी बोलतात. बोलून पोट भरणाऱ्या माणसाला अण्णांनी मुकी जमात दिली. सगळ्यांना हसू आलं. त्या दिवशी जिना उतरल्यावर मी विचारलं, "अण्णा, आईच्या मैताला का आला न्हाईत?"

चपला घालत, डोळे उघडत ते म्हणाले, "मेलेल्याच्या घरी कोण जातं बे?"

तरी मी दर रविवारी वर जात राहिलो. मला वर जायचंच होतं, आणि आता कशासाठी जायचं हेही ठरलं होतं.

गावाकडं बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकतात आणि खालून बोटं दाबून भाव सांगतात. बाहेरच्याला काही कळत नाही. एका रविवारी वर जाण्याआधी, जिन्याखालच्या टपरीवर, मी सगळ्यांना सांगितलं की तळव्यांची हीच भाषा. एक बोट दाबलं तर थोडं, दोन दाबली तर अर्धं, पूर्ण पंजा दाबला तर सगळं, घरादारासकट. पाटणकरांनी दोनदा विचारून घेतलं. अण्णा पाठ फिरवून बिडी ओढत होते. "बैलबाजार आणतोस व्हय बखरीत?" ते म्हणाले. "आण. शोभतंय तुला." बखरीत ती भाषा आली. अण्णांनी ऐकली मात्र नाही. कुठल्या ताऱ्याचा उजेड किती तांबडा हे वर्षांमागं ठरलेलं अचूक सांगणारा माणूस, पण बैलबाजार म्हटल्यावर त्यांचे कान मिटले.

मी घाई केली नाही. तळव्यांना मी आठव्यांच्या झऱ्याशेजारी नेऊन बसवलं. पुढं झऱ्यावरून कुरबूर काढली, वाढवली. शेवटी वाटणीचा दिवस आला. मी अण्णांसमोर बसलो, त्यांचा हात हातात घेतला आणि वर उपरणं टाकलं. एक बोट दाबलं. अण्णा बाकीच्यांकडं तोंड करून हसले, "बघा रे, बैल विकायलाय मला." मी दुसऱ्यांदा दाबलं. मग त्यांनी, लहान पोराला गप्प करतात तसा, माझ्या हातावर अख्खा पंजा ठेवला आणि घट्ट दाबला. ‘बास कर आता’ असं त्यांच्या मनात असावं.

मी उपरणं काढलं आणि उघडा पंजा सगळ्यांना दाखवला.

"पूरा पंजा?" युसूफ ओरडला. "अण्णा, सगळं पानी दिलं तुमी?"

पाटणकर पुढं सरकले. "अण्णा, नाही म्हणा. कापडाखालचं कुणी पाहिलंय? तुमचा शब्द आणि याचा शब्द. याला तर तोंडच नाही."

अण्णांनी विचारलं, "पंजाचा अर्थ काय ठरला होता?"

"सगळं. घरादारासकट," पाटणकरांना सांगावं लागलं.

"आठवे खोटं बोलत नाहीत," ते म्हणाले. "मी दाबला. पंजाच दाबला. पाणी गेलं. आठवे संपले." आणि त्यांनी डोळे उघडले. त्या माडीच्या भिंती, तिथलं मारुतीचं चित्र, आमचे चेहरे, हे सगळं त्यांनी त्या जागेवरून पहिल्यांदाच पाहिलं असेल.

त्यानंतर जे झालं ते आधी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मेलेल्याला नवी जमात फक्त बखर सांगणाराच देऊ शकतो, आणि आता तोच मेला होता. दुसरा बखरवाला नेमायचा तर तोही आधीच्यानंच नेमायचा, आणि मेलेला बोलत नाही. अण्णा दर रविवारी यायचे. उघड्या डोळ्यांनी जिना चढायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. आम्ही बोलायचो, ते ऐकायचे. कोणी चुकीचं सांगितलं की त्यांचे ओठ हलायचे आणि पुन्हा मिटायचे. पाटणकरांनी एकदा गुपचूप त्यांच्याजवळ कप ठेवला. चहावर साय धरली. युसूफला एकदा राहवलं नाही, तो म्हणाला, "बस करो अण्णा, खेळ है." अण्णांनी मान भिंतीकडं वळवली. नियम मोडला म्हणून युसूफचाच राग आला असेल त्यांना.

मी त्यांच्या घरी गेलो. दारात राजव्वा आडवी आली. "रविवारी घरी येऊन जेवत न्हाईत हे. काय केलात तुम्ही?"

"खेळ होता, वहिनी."

"आग लागो तुमच्या खेळाला."

अण्णा कार्डं पाडत होते. मी शेजारी बसलो आणि आयुष्यात केला नाही असा स्वस्त सौदा मांडला. "अण्णा, एक वाक्य बोला. दौलत, तुझ्या आईच्या मैताला यायला हवं होतं, एवढंच. सगळं पाणी परत देतो. तळवे तिथनं उठवतो. मंडळासमोर उपरणं फाडून टाकतो." ठोके पडत राहिले. मी आवाज चढवला, शिव्या दिल्या, शेवटी पुठ्ठ्यांचा गठ्ठा लाथेनं उधळला. ते उठले, एकेक कार्ड वेचलं, क्रमानं लावलं आणि पुन्हा बसले. असा माणूस. एक वाक्य मागत होतो मी. अजूनही म्हणतो, जास्त मागितलं नव्हतं.

पुढं माडी ओस पडली. अण्णा बिऱ्हाड घेऊन भिवंडीला भावाकडं गेले. वर्षा-दोन वर्षांत छातीच्या आजारानं गेल्याचं कळलं. राजव्वाच्या भावानं युसूफला सांगितलं, युसूफनं मला.

त्यानंतर मी सुताच्या कामानं भिवंडीला गेलो होतो. एका मागाच्या शेडबाहेर चहा पिताना दोन-तीन कारागिरांचं बोलणं कानावर आलं. ते झऱ्यावरून भांडत होते, आणि त्यातला एक जॉबर, मागांची दुरुस्ती बघणारा तिशीतला गडी, डोळे मिटून बसला होता. मी कप खाली ठेवला. मी विचारलं, "झिरवी का?"

"तुम्हाला कसं ठाऊक?" त्यानं डोळे उघडले. "आमच्या अण्णांची आहे ती. सोलापूरच्या मंडळाला मी मेलेलो, तुम्हाला नाही, असं म्हणायचे."

"तळवे ठाऊक हायत तुमाला?"

तो बाजूला पचकन थुंकला. "हरामखोर जमात. नाव निघालं की आम्ही असंच करतो. शेजाऱ्याला फसवून सगळं पाणी घेतलं."

"का घेतलं, हे न्हाय सांगितलं अण्णांनी?"

"सांगितलं की. त्यांच्यातली एक म्हातारी मेली होती. आठवे गेले नाहीत मातीला. जायला पाहिजे होतं, असं अण्णा म्हणायचे."

ते एक वाक्य. मला सोडून सगळ्या भिवंडीला सांगितलं होतं त्यांनी.

"पण तेवढ्यासाठी कोणी पाणी तोडतं का?" जॉबर म्हणाला. "अण्णा विचारायचे तसं."

"मग मारून टाकायची की जमात," मी म्हणालो. "अजून कशाला ठेवलीय?"

"छे, छे. तळव्यांना मारायचं नाही, हे अण्णांनी जाताना बजावून सांगितलंय," तो म्हणाला आणि त्यानं पुन्हा डोळे मिटले. "शिव्या खायला कोणीतरी जिवंत पाहिजे की."