काच नसलेला लाइट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही आक्काला ओळखत नाही, तिच्यापाशी जाऊन काही बोलणार नाही, म्हणून.

मंगलआक्का माझी चुलत बहीण. आई गेल्यावर तिनंच मला सदलग्याहून निपाणीला आणलं, विड्या वळून शाळेत घातलं. पुढं मी शूटिंगच्या लाइटवर लागलो. कोल्हापूर, बेळगाव — मालिका असेल तिथं. मग निपाणीतच एका तंबाखूच्या वखारीत शूटिंग लागलं. गोष्ट विडीकामगार बायकांची. आक्काचं नाव मीच सुचवलं. तिला बोलायला दोन वाक्यंही मिळाली. किती हरखली होती!

खिडकीतून ऊन यायला हवं होतं, आणि बाहेर आभाळ गच्च. म्हणून बाहेर एचएमआय उभा केला — हुबेहूब दिवसाच्या उजेडाचा मोठा लाइट. त्याच्या तोंडाशी जाड काच असते. बल्बमधून डोळ्यांना न दिसणारे, पण डोळे भाजणारे किरण निघतात, ते ती अडवते. काच नसेल तर लाइट पेटू नये म्हणून आत बटणही असतं. हे सगळं मला ठाऊक होतं. चांगलंच ठाऊक.

ती काच माझ्याच हातून तडकली. दुसरी कोल्हापूरहून येईपर्यंत दिवस गेला असता. हेड लाइटमन म्हणून माझं पहिलंच काम — सांगायचं कसं? खरं तर काय झालं असतं? चार शिव्या बसल्या असत्या, एवढंच. मी काच काढली, बटण दाबलेलं राहावं म्हणून त्यात लाकडाची ढलपी खुपसली, आणि लाइट पेटवला.

खिडकीला तावदान नव्हतं. बाकीच्या बायका पाठमोऱ्या बसलेल्या. आक्का तेवढी उजेडाकडं तोंड करून. ती वाक्य चुकायची, हसायची, परत टेक. परत. मी लाइटच्या मागं होतो — मागं, जिथं काही होत नाही.

संध्याकाळी तिच्या डोळ्यांत वाळू गेल्यागत खुपायला लागलं. सकाळी डोळे सुजून मिटलेले, नुसतं पाणी. डोळे आलेत, सगळ्यांना साथ लागेल, असं म्हणून शूटिंगवाल्यांनी तिला घरी पाठवलं आणि दुसरी बाई बसवली. जाताना चाचपडत माझ्याजवळ आली.

"संजू, लाइटीनं झालं काय रं?"

"न्हाय गं आक्का. लाइटीनं कुठं असं होतंय? तंबाखूची धूळ गेली असंल."

"व्हय, तसंच असंल."

काच काढली ती भीतीपोटी, असं म्हणता येईल कदाचित. पण हे? तिचे डोळे गळत होते माझ्यासमोर, आणि मी —

ती धूळच धरून चालली. कुणीतरी सांगितलेल्या पाल्याचा रस डोळ्यांत पिळला. पू झाला. मग बेळगावला डॉक्टरकडं नेलं. डोळ्यात काय गेलतं, त्यांनी विचारलं. "तंबाखूची धूळ," आक्का म्हणाली. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. उजव्या डोळ्यात फूल पडलं ते पडलंच. डाव्यानं अंदाज चुकतो. पानं कापताना बोटं कापायला लागली, तेव्हा विड्याही सुटल्या. भाऊ डॉक्टरकडं घेऊन गेला, याचं कौतुक ती अजून शेजारणींना सांगते.

गेल्या महिन्यात तिच्याकडं गेलतो. तिची मुलगी सुजाता म्हणाली, "मामा, मला शूटिंगला न्या की. मेकअपचं काम शिकते." मी आक्काकडं बघितलं. वाटलं, ती नको म्हणेल. म्हणावं, असंही वाटलं.

"ने की रं," आक्का म्हणाली. "तू जवळ असल्यावर मला कसला घोर?"

सांगायला जागा होती. आम्ही तिघंच होतो. मी मान डोलावली, आणि सोमवारी तयार राहा म्हणून सुजाताला सांगितलं.