जागा नसलेली दगडमाशी

ओढ्यात उतरलं की बर्वे सर आधी हात पाण्यात बुडवून उभे राहायचे. बोटं बधिर झाली की म्हणायचे, “हां, आता दगड उलटा.”

सांगलीच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. मी त्यांची विद्यार्थिनी; माझं अक्षर बरं, म्हणून किड्यांच्या चिठ्ठ्या लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. दगडमाशीची पिल्लं, शेपटीला दोन धागे असलेली, साताऱ्याकडच्या गार, खळाळत्या ओढ्यांत दगडांना चिकटून राहतात. ओढा सपाटीला येऊन संथ झाला की संपली. ती नेमकी कुठपर्यंत उतरतात, एवढंच सरांना शोधायचं होतं. त्यात सहा वर्षं गेली.

जागा दाखवायला भिकू धनगर असे. “मास्तर, कालवन तरी हुतंय का ह्याचं?” तो विचारी.

प्रत्येक कुपीत स्पिरिट, किडा आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: ओढा, दिवस, जागा दाखवणाऱ्याचं नाव. “जागा नसलेला किडा म्हणजे कचरा. आणि चिठ्ठी पाण्याकाठीच लिहायची, आठवणीतून नाही.” एकदा मी घरी येऊन लिहिली, तर सरांनी किड्यासकट फेकून दिली.

बेचाळीसनंतर त्या डोंगरात भूमिगत माणसं लपू लागली. एका सकाळी भिकू धापा टाकत कॉलेजात आला. “आवं मास्तर, वरच्या वड्याला लपल्याल्यांना भाकरी कोन न्हेतंय म्हून फौजदारानं इचारलं. म्या म्हनलं, आमी त्या वड्याला जातच न्हाई. आता तो तुमच्याकडं यायचाय.”

सरांनी कपाटाकडे पाहिलं. भिकू त्या ओढ्याला केव्हा केव्हा गेला, ते तिथे तारखेसकट होतं. माझ्या अक्षरात.

“भिकूच्या तेवढ्या काढू,” मी म्हटलं.

“उरलेल्यांवरून गाळलेल्या कळतील. सगळ्या काढ.”

मी चिमट्याने चिठ्ठ्या काढत गेले, सर त्या शेगडीत टाकत गेले. शेवटी नोंदवहीही टाकली. दुपारी फौजदार आला. कुपी हलवून म्हणाला, “हे कुठले?”

“ओढ्यातले,” सर म्हणाले.

भिकू सुटला. सरांनी पुन्हा दगड उलटला नाही. शिकवत राहिले, पण कपाटाकडे पाठ करून.

ते गेल्यावर कुप्यांची पेटी माझ्याकडे आली. एका कुपीतल्या किड्याचा पाय मोडका आहे. दगडावरून उचलताना तो माझ्याच चिमट्याने मोडला होता. ओढा मला आठवतो, दिवसही. परवा मी चिठ्ठी कापली, पेन्सिलीला टोक केलं आणि दोन्ही ठेवून दिलं. चिठ्ठी कोरीच आहे.