पाठिंब्याच्या पत्रावर माझी सही नव्हती

"त्याची टोपी बदल," राजाभाऊ म्हणाला.

मागच्या निवडणुकीत डोंगरकड्याला शाळेच्या मैदानावर सभा होती. भर दुपार. मी साउंडवाला. भोंगे बांधून झाले होते, मिक्सर लावून झाला होता. स्टेजवर उभा राहून मी माईकमध्ये बोललो होतो, "हॅलो, हॅलो, चेक, एक, दोन." साउंडवाला याच्यापुढं कधी बोलत नाही. याच्यापुढचं बोलणारे नंतर येतात, गाडीतून उतरून.

राजाभाऊ म्हणजे साहेबांचा माणूस आणि साहेब म्हणजे उमेदवार. साहेबांचा फोन, हार, पाण्याची बाटली, सगळं राजाभाऊकडं. त्यानं खिशातून प्लास्टिकची पुडी काढली. आत माईकवर चढवायची स्पंजाची टोपी, नवी कोरी. मला वाटलं, जुनी मळकी दिसली असेल.

"धुतलेली हाय, दादा," मी म्हणालो.

"मळल्याचं न्हाई. तू तोंड लावलं ना त्याला. साहेबांना चालत न्हाई."

माझ्या आधी मंडपाच्या मालकाचा पुतण्या त्याच माईकमध्ये दोनदा बोलून गेला होता. तेव्हा पुडी खिशातच राहिली होती. आम्ही मातंग. मी कुणाचा पोरगा, हे राजाभाऊनं सकाळीच विचारून घेतलं होतं.

मी टोपी बदलली. माझ्याच हातानं.

"आता परत बोलू नको. टिचकी मारून बघ," तो म्हणाला.

टिचकीनं माईक लागत नाही. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. माणसाचा आवाज घेऊन बघावा लागतो, तेव्हा कळतं किती चढवायचं, किती उतरवायचं. नवी टोपी जाड होती. मी अंदाजानं आवाज चढवून ठेवला. साहेब उभे राहिले, "बंधू आणि भगिनींनो" म्हणाले, आणि चारी भोंग्यांतून शिट्टी निघाली. लोकांनी कानांवर हात ठेवले. लेकरं रडायला लागली. मी घाईनं आवाज खाली आणला.

साहेब थांबले. माझ्याकडं बघितलं. आणि माईकमध्येच म्हणाले, "यांच्या पिढ्या वाजवण्यात गेल्या. यांना ऐकू कुठून येणार?"

सगळं मैदान हसलं. माझा बाप पुढंच बसला होता. जन्मभर लोकांच्या लग्नात हलगी वाजवलेला माणूस. तोही हसला.

आणि मीही हसलो. मान खाली, बोटं मिक्सरवर, तोंडावर हसू. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. साहेबांच्या बोलण्याची लाज साहेबांना वाटायला पाहिजे होती, पण तिचं ओझं माझ्याच वाट्याला आलं.

घरी गेल्यावर बापाला विचारलं, "काहून हसला तुमी?"

तो म्हणाला, "समदे हसून राहिले होते. एकटाच गप बसलो असतो तर त्याहिला कळलं असतं ना, आपल्याला लागलं म्हणून."

त्यानंतर किती सभा केल्या, मोजल्या नाहीत. सभा म्हणजे आमच्या वर्षातला छोटा तुकडा. बाकी वर्षभर लग्नं, जत्रेतला ऑर्केस्ट्रा, गणपती, शाळांची गॅदरिंग. गाणारी झगमगीत कपड्यात येते, शिट्ट्या घेते, जाते. तिच्या मागं दिवसभर खांब रोवणारे, वायरी ओढणारे, जनरेटरजवळ धूर खाणारे आम्ही. पडदा उघडला की आम्ही दिसायचं नाही, हेच आमचं काम. साहेबांच्या सभेला मी टिचक्या मारत राहिलो. कधी आवाज नीट लागला, कधी शिट्टी निघाली. शिव्या मात्र दर वेळी मलाच.

मग केशव पडला.

केशव हट्टा गावचा. मंडपाच्या उंच कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एका लग्नात लाइटचा खांब कलला आणि तो वरून पाठीवर आला. कमरेला सुरक्षेचा पट्टा नव्हता, कारण पट्टा कुणाला कधी मिळालाच नव्हता. मंडपाचा मालक म्हणाला, हा आमचा माणूसच नाही. लग्नघरवाले म्हणाले, आम्ही मालकाला ओळखतो, कामगाराला नाही. त्याच मांडवात दुसऱ्या दारानं जेवणाच्या पंगती चालूच होत्या.

केशवला नांदेडला नेलं ते गंगाधरभाऊंनी. गंगाधरभाऊ आमच्या धंद्यातले जुने लाइटवाले. पंधरा दिवस हा माणूस दवाखान्याच्या वऱ्हांड्यात झोपला. बेड मिळत नव्हता, तेव्हा ते साहेबांच्या दारात जाऊन बसले. साहेबांनी एक फोन केला आणि बेड मिळाला. हे खरं आहे. हे मी कधी नाकारलं नाही.

केशव जगला, पण उभा राहिला नाही.

त्यानंतर वारंगा फाट्यावर एका टायरच्या दुकानामागं आम्ही जमलो. संघटना करायची. मंडप, साउंड, लाइट, जनरेटर, सगळ्यांची मिळून एक. गंगाधरभाऊ अध्यक्ष. मी बारावी शिकलेलो, म्हणून सचिव. मागण्या लिहायला बसलो. कमरेला पट्टा. विमा. प्यायला पाणी. जेवायला बसायची जागा. कुणी म्हणालं, ऑर्केस्ट्रातल्या बायकांना कपडे बदलायला आडोसा. गंगाधरभाऊ स्वतःच्या हातानं लिहीत होते.

मी म्हणालो, "एक माझी पण हाय." आणि टोपीची गोष्ट सांगितली. तोवर कुणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही. सांगून झाल्यावर सगळे खाली कागदाकडं बघत राहिले. मला वाटलं, चुकलं. पट्टा आणि विम्यापुढं हे काय घेऊन बसलो.

शकील जनरेटरवाला वसमतचा. तोच पहिला बोलला, "लिखो भाऊ. माईक बोलकेच चेक होगा. किसीका भी हो."

गंगाधरभाऊंनी लिहिलं. लिहिताना त्यांचे ओठ दाबलेले होते. मग म्हणाले, "ही मागणी न्हाई. हा आपला नियम. हे कोणाला मागायचं न्हाई."

पुढच्या सभेला राजाभाऊ पुडी घेऊन आला, तेव्हा मी त्याला नियम सांगितला. तो दुसरा साउंडवाला शोधायला गेला. त्यानंही तोच नियम सांगितला. तिसऱ्यानंही. पुडी परत खिशात गेली. त्या दिवशी मी माईकमध्ये "हॅलो" म्हणालो आणि माझ्या आवाजावर माईक लावला. संघटना म्हणजे काय, हे मला भाषणातून कळलेलं नाही. असं कळलं. म्हणून पुढं जे झालं ते इतकं लागलं.

या निवडणुकीत केशवच्या गावी, हट्ट्याला, साहेबांची सभा ठरली. काम आमच्या साउंडच्या मालकाकडं आलं, म्हणजे माझ्याकडं. त्या दिवशी सकाळी गंगाधरभाऊंनी मला फाट्यावर चहाच्या हॉटेलात बोलावलं. बाहेर साहेबांची जीप. आत राजाभाऊ भजी खात बसलेला. टेबलावर कागद, टाइप केलेला. आमच्या संघटनेचा सर्व सभासदांसह साहेबांना जाहीर पाठिंबा. खाली अध्यक्षाची सही होती. सचिवाची जागा मोकळी होती.

"कर सही. अकराला सभा हाय," गंगाधरभाऊ म्हणाले.

"ठराव कधी झाला?"

"ठराव काय करायचा त्याच्यात? केशवला बेड कोणी मिळून देला?"

"साहेबांनी. त्याचे आभार मानू की. स्टेजवर जाऊन मानू. पण पाठिंबा समद्यांना इचारून द्यावा लागते, भाऊ."

"समदे आपलेच हायत."

मी कागद परत वाचला. "याच्यात आपल्या मागण्या कुठं हायत? पट्टा? विमा?"

"ते निवडून आल्यावर."

"आणि आपला नियम?"

गंगाधरभाऊंनी खाली बघितलं. राजाभाऊनं हात पुसले आणि म्हणाला, "तू आवाज सांभाळ. बाकीचं साहेब बघून घेतील."

गंगाधरभाऊंनी माझा हात धरला. खरोखर धरला. "तुह्या पाया पडतो. म्या शब्द देऊन बसलो. उद्या परत कोणी पडलं तर कोणाच्या दारात जाऊ मी?"

त्यांचा प्रश्न खरा होता. पण एक कळत होतं. दारात जाऊन बसावं लागू नये म्हणून आम्ही एकत्र आलो होतो. आता आम्हा सगळ्यांनाच बांधून कुणी दारात नेऊन ठेवत होतं, आणि गाठ मारायला माझा हात पाहिजे होता.

"उद्या बैठक बोलवा. समद्यांनी हात वर केले तर मी सही करतो. आज न्हाई," मी म्हणालो आणि उठलो.

हट्ट्याच्या मैदानात गर्दी जमली. मी माईक बोलून तपासला आणि मिक्सरवर जाऊन बसलो. कागद सहीशिवायच राहिला, म्हणून मनातून थोडा निवांत होतो. माझं चुकलं ते इथं. गंगाधरभाऊ स्टेजवर गेले. कागद हातातच होता. त्यांनी वाचायला सुरुवात केली. शेवटी अध्यक्षाचं नाव वाचलं, आणि सचिव म्हणून माझं.

टाळ्या वाजल्या. साहेबांनी त्यांच्या गळ्यात हार घातला.

माईकचं बटण माझ्या बोटाखाली होतं. खाली ओढलं असतं तर सगळं गप झालं असतं. वायर गेली म्हणून सांगता आलं असतं. आमच्या धंद्यात हे कुणालाही जमतं. पण दुसऱ्याचं तोंड बंद करायला मी संघटनेत गेलो नव्हतो.

मिक्सरजवळ साउंडवाल्याचा एक माईक असतो. "रस्त्यातली गाडी काढा", "हरवलेलं लेकरू स्टेजपाशी आहे", एवढं सांगायला. मी तो उचलला. वाटलं, मालक उद्यापासून कामावर ठेवणार नाही. वाटलं, घरी लेकरं आहेत. तरी बोललो.

"मी या संघटनेचा सचिव बोलून राहिलो. असा ठराव झाला न्हाई. त्या कागदावर माझी सही न्हाई. सभासदांना इचारल्याशिवाय आमचा पाठिंबा कोणालाच न्हाई."

लोक स्टेजकडं बघत होते. स्टेजवर कुणाचेच ओठ हलत नव्हते. कोण बोललं, कुणाला कळेना. राजाभाऊला कळलं. तो धावत माझ्याकडं आला, मागं चारपाच जण. शकील जनरेटर सोडून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

मी तेवढ्यात पुढचं बोललो, "आता साहेबांनी बोलावं. त्याहिचा आवाज बराबर येईल."

आणि आला. पूर्ण भाषणभर एक खरखर आली नाही. साहेबांनी या वेळी पिढ्या काढल्या नाहीत.

सभा संपल्यावर मला कॉलरला धरून मंडपामागं नेलं. दोन थपडा बसल्या. "औकात विसरला का?" राजाभाऊ म्हणाला. या वेळी मी हसलो नाही. मालकानं त्याच संध्याकाळी दुसरा माणूस लावला.

चौथ्या दिवशी टायरच्या दुकानामागं कार्यकारिणी बसली. विषय एकच, मला सचिवपदावरून काढणं. हात वर झाले. शकील आणि दोघं सोडून सगळे. ज्यांनी माझ्यासाठी राजाभाऊला नियम सांगितला होता, तेही. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मी म्हणालो, "ठीक हाय. आता पाठिंब्यावर हात वर करा." गंगाधरभाऊ म्हणाले, तो विषय आजचा नाही. आणि रजिस्टर मिटलं. मला त्यांचा भयंकर राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं.

संघटनेच्या नियमावलीत आहे, ठरावीक संख्येनं सभासदांनी सह्या दिल्या की सर्वांची बैठक बोलवावीच लागते. मी अर्ज लिहिला आणि सह्यांना निघालो. पहिलं घर केशवचं धरलं.

तो खाटेवर होता. म्हणाला, "तुहा आवाज घरात आला त्या दिवशी. भोंगा इकडंच तोंड करून होता." मग अर्ज वाचून परत दिला. "म्या सही न्हाई करत. साहेबाच्या फोनानं मी जित्ता हाय. ते मला इसरता येत न्हाई."

मी अर्जाची घडी केली. उठलो.

"थांब," तो म्हणाला. "बैठक झाली तर मला उचलून न्या. हात वर करायचा का खाली ठेवायचा, ते मी तिथं ठरवीन. पण मला इचारा."

तेवढंच मलाही पाहिजे होतं.

सह्या अजून पुऱ्या झालेल्या नाहीत. वसमत झालं, डोंगरकडा अर्धं झालंय, कळमनुरीकडं उद्या जाणार आहे. काही जण दार उघडत नाहीत. काम कुणी देत नाही. काही मित्र म्हणतात, सोड, आपण आपली वेगळी संघटना काढू. मी काढणार नाही. ही आम्ही बांधली आहे आणि मी तिचा सभासद आहे. बैठक होईल आणि पाठिंब्याचा ठराव सगळ्यांसमोर हात मोजून ठरवला जाईल. तो मंजूर झाला तर माझा विरोध रजिस्टरमध्ये लिहायला लावीन आणि पुढच्या बैठकीला परत येईन. आम्हाला न विचारता आमच्या नावानं जो बोलेल, त्याला मी भरल्या सभेत अडवणार. साहेब असोत, गंगाधरभाऊ असोत. उद्या मी परत सचिव झालो आणि असं केलं, तर मलाही तसंच अडव, हे शकीलला सांगून ठेवलंय.